आडवी तारीख

जरीपटक्याच्या बाजारात माझ्या छत्र्यांच्या दुकानाला लागून बाबनराव निखारेंची घड्याळदुरुस्तीची टपरी आहे. घराणं विणकरांचं. माग गेले, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मापायची खोड हातातून गेली नाही. बंद पडलेल्या घड्याळांचे भाग काढून ते पुड्यांत ठेवतात आणि पुडीवर मूळ मालकाचं नाव लिहितात. कवडूचं चाक यमुताईच्या घड्याळात बसलं की असे खुलतात, जणू सोयरीकच जमवली!

मागच्या महिन्यात नत्थूजी नातीला, खुशीला, घेऊन आले. चेहरा पडलेला. त्यांच्या चावीच्या मनगटी घड्याळाची तारीख एकवर अडकली होती. त्या भरवशावर दोन ऑक्टोबरला ते खुशीला घेऊन शाळेच्या बंद फाटकासमोर तासभर उभे राहिले. सून दामिनीनं निकाल दिला, "मामाजी, उद्यापासून खुशीले तिचे बाबाच सोडतील."

"तारीख चालू कर गा बाबनराव," नत्थूजी म्हणाले. "शाळेची वाट गेली तर मायाजवळ राह्यलं काय?"

घड्याळ उघडलं, तर आतल्या आकड्यांच्या चकतीचे दात झिजलेले. तशी चकती आता मिळत नाही. बाबनरावांनी पुड्या उपसल्या आणि ओरडलेच, "सुभद्राबाईची! पन्हा बरोबर, दातही बरोबर!"

चकती बसली. आता परीक्षा. भर दुपारी बाबनराव काटे फिरवून रात्रीचे बारा ओलांडू लागले आणि दर वेळी तारीख टक्कन पुढे! चहावाला थांबला, भाजीवाल्या आल्या, सगळे मोठ्यानं मोजू लागले. एकोणतीस, तीस, एकतीस! मी तर छत्री उघडून नाचलो. वयाचं भान कोणाला होतं!

मग आजची तारीख लावून दिलेलं घड्याळ नत्थूजींनी मनगटावर बांधलं, डोळ्यांसमोर धरलं आणि मान वाकडी केली. पाचचा आकडा आडवा झोपलेला. सुभद्राबाईच्या घड्याळाची खिडकी खाली सहापाशी होती, यांची तीनपाशी. पन्हा मापला, आकड्यांची दिशा पाहिलीच नाही!

बाजार खो खो हसला. बाबनराव रडवेले झाले. "सुनेसमोर काय मान वाकडी करून वाचू गा?" म्हणत नत्थूजींनी हात खाली सोडला.

त्या हाताला धरून उभी असलेली खुशी ओरडली, "आबा, पाच! आज पाच तारीख!"

लोंबत्या हातावरचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर सरळ उभा होता. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच की!

"दुसरी चकती शोधतो," बाबनराव म्हणाले.

"हात नको लावू," नत्थूजींनी बजावलं.

आता रोज सकाळी आजोबा-नात शाळेला निघाले की दामिनी दारात तारीख विचारते. नत्थूजी हात खाली सोडतात, खुशी कानात सांगते आणि ते खणखणीत आवाजात जाहीर करतात. दामिनीला कळत नाही होय? मी विचारलं, तर हसून म्हणाली, "कळते ना. पण दोघं मिळून सांगतात, मंग चुकत नाहीत."

बाबनराव मात्र गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत की तारीख मुद्दामच आडवी बसवली होती. समोरून नत्थूजी खुशीला घेऊन गेले की ते हाक मारतात, "तारीख काय गा?" आणि उत्तर दोन आवाजांत येतं.