दर पंपाला दोन झाकणं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी दोंडाईच्याकडच्या गावांत कापसावरच्या फवारणीचा सल्ला देत फिरायचो. सरकारी नोकरी होती. फवारायच्या विषाला आम्ही सगळे औषधच म्हणायचो आणि त्या शब्दानेच माझी मती बांधून टाकली. गुण येत नसेल तर डोस वाढवायचा, एवढंच मला ठाऊक.

एका विधवा अक्कांचा चार एकर कापूस होता. पहिल्या फवारणीत बोंडअळी गेली. तिसरीनंतर मावा आणि पांढऱ्या माशीने पानं चिकट झाली. अक्कांनी ठिपक्यांचे मेलेले लाल किडे ओंजळीत आणून दाखवले.

“भाऊ, या किडा मावा खातस. तुम्हना औषधमुये पहिले याच मरी ग्यात.”

“तुम्ही किडे मोजत बसा अक्का, तोवर अळी कापूस वेचून नेईल,” मी म्हणालो.

बांधावरचे दोघे-तिघे हसले. मी फवारणीच्या दर पंपाला औषधाची एकाऐवजी दोन झाकणं सांगितली, दर आठ दिवसांनी.

त्यांनी तसंच केलं. मावा खाणारे किडे उरले नाहीत, म्हणून मावा वाढला. मावा वाढला, म्हणून मी फवारे वाढवले. ज्या अळ्या विषाला पुरून उरल्या, त्यांचाच वंश पुढे आला. फवारल्यावर दोन दिवस शेत स्वच्छ दिसायचं आणि मी त्या दोन दिवसांवर विसंबायचो. खरा परिणाम महिन्याने दिसायचा, तेव्हा मला ती नवीच कीड वाटायची. हे सगळं एकातून एक फिरून येतं, हे मला निवृत्तीनंतर उमगलं. अक्कांना त्यातलं निम्मं तेव्हाच दिसलं होतं.

दिवाळीपर्यंत बोंडं पोखरली गेली. पाहणीच्या अहवालात मी लिहिलं, ‘शेतकरी महिलेने शिफारशीपेक्षा कमी औषध वापरले.’ मदतीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं, कारणही त्यांच्या कानावर गेलं. कापसाची वाळली झाडं, पऱ्हाटी, उपटून त्या रावेरला केळीच्या कामावर निघाल्या. एसटी स्टँडवर त्यांनी मला गाठलं.

“भाऊ, मी औषध कमी टाकं व्हतं का?”

“असेल, अक्का.”

त्यांनी ते खरं मानलं. पुढे कानावर आलं, की रावेरला बरोबरच्या बायांना त्या आपली चूक सांगायच्या आणि बजावायच्या, औषधात कसर करू नका. त्या बायांच्याही घरी कापूस होताच.

अक्का आता नाहीत. त्यांनी कमी टाकलं नव्हतं. हे सांगायला मी त्या स्टँडवरून कधी रावेरची गाडी धरली नाही.