आप्पाच्या वहीतला शेवटचा नंबर

सानूचा हात माझ्या हातात नव्हता. नांदेडच्या त्या माळावर एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं वर, अन् माझी तीन वर्साची लेक कुठंच न्हाई. ते जुनं मिग विमान डोक्यावरून असं गरजत गेलं की मी घाबरून दोन्ही कान दाबले, बस, तेवढंच. मी वरडले, "आप्पा, सानू न्हाई हो!" अन् आप्पांनी डोळ्याला लावलेला कॅमेरा सोडून दिला.

त्यांनी काय सोडलं हे कळायला आप्पा ठावे पायजेत. मन्मथ आप्पा आमचे लातूरचे घरमालक. चाळीस वर्सं फोटो स्टुडिओ चालवला, गल्लीतली सगळी लग्नं काढली, पर जीव जुन्या लढाऊ विमानात. कुठं विमानाचे खेळ असले की नागपूर म्हणू नका, हैदराबाद म्हणू नका, पिशवीत भाकरी-चटणी अन् कॅमेरा टाकून निघायचे. गल्लीतल्या बाया हसायच्या, आप्पाला या वयात नवी नवरी सापडली म्हणून. आप्पा म्हणायचे, "नवरी तरी एकदा आपल्याकडं बघते गं. हे बघत न्हाई. आपणच मान वर करून ऱ्हायचं."

माझी शाळा आठवीतच सुटली, त्याच्यापुढचं जे काय आलं ते आप्पांनी शिकवलं. गच्चीवर कपडे वाळू घालताना विमान गेलं की मी आवाजाकडं बघायची अन् तिथं नुसतं आभाळ. आप्पा म्हणायचे, "आवाज मागं ऱ्हातो, पोरी. आवाजाच्या पुढं बघ." बघितलं की खरंच तिथं असायचं.

अन् त्यांची वही. फोटो काढलेल्या हरेक विमानाचा नंबर तिच्यात. नंबर वाचता आला न्हाई तर सरळ लिहायचे, 'दिसला न्हाई'. अशी लई पानं हायत. एकदा मी म्हणलं, टाका की काय बी, कुणाला कळतंय. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

मग साखरेनं डोळे गेले. मधलं सगळं धुरकट, कडंकडंचंच दिसायचं. उडतं मिग त्यांना दोनदा हुकलेलं, एकदा ढगानं, एकदा त्यांच्या बायकोच्या, काकूच्या, दुखण्यानं. अन् आता ती विमानं कायमची बंद होणार होती. म्हणून नांदेडला मला संगं नेलं. म्हणले, तू माझे डोळे हो. मी खांद्याला धरून सांगायचं, डावीकडं, वर, आता. एवढंच काम होतं माझं.

अन् मी कान दाबून बसले.

कुठलं तरी लेकरू रडायलं होतं, मी तिकडं पळत सुटले. आप्पांनी मनगट धरलं. "ती रडत नसंल. विमान गेलं तिकडं गेली असंल." सगळी तोंडं जिकडं वळली होती तिकडं आम्ही घुसलो. अन् खरंच, लांब दोरीपाशी सानू मान वर करून उभी, डोळ्यात टिपूस न्हाई. तेवढ्यात विमान परत आलं, एकदम खाली. आप्पांनी तिला कडेवर घेतलं अन् तळव्यानं तिचे कान झाकले. कॅमेरा गळ्यात लोंबत होता. ते विमान त्यानंतर फिरकलं न्हाई.

लातूरच्या बसमध्ये आप्पांनी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. पहिल्या खेपेला एकदा बटण दाबलं होतं, बघ म्हणले. मी बघितलं. आभाळ, अन् कोपऱ्यात कुणाचं तरी वर दाखवणारं बोट. विमान न्हाईच.

"आलंय?"

"हाव आप्पा. लई बेस आलंय."

"नंबर वाच."

डोक्यात एकच नंबर पाठ, आमच्या ह्यांच्या रिक्षाचा. तोच बाहेर पडला, "चव्वेचाळीस सतरा."

आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. त्या रिक्षातून ते दवाखान्याला जायचे, बाजाराला जायचे, डोळे चांगले होते तवापासून. लातूर जवळ आलं तवा वळले. मग वही काढून माझ्या हातात दिली.

"लिही. अन् बाजूला लिही, संगं सानू होती."

लिहिलं मी.

आप्पा जाऊन दोन महिने झाले. वही माझ्यापाशीच ऱ्हायली. काल त्यांची लेक उदगीरहून आली, म्हणली, विमानाचे फोटो काढणारी आप्पाची दोस्तमंडळी पुस्तक करायलीत, परवा वही न्यायला येतेत. म्हणतेत, बाकी सगळ्यांच्या वह्या तपासाव्या लागल्या, आप्पाची न्हाई तपासायची.

शेवटचं पान म्हणजे माझं अक्षर. आमचे हे म्हणतेत, फाडून टाक. फाडलं तर सानू बी जाती त्याच्यासंगं. खोडून 'दिसला न्हाई' लिहावं तर आप्पांनी स्वतः लिही म्हणलेलं. अन् खरं सांगावं, तर ते इचारतील, रोजच्या रिक्षाचा नंबर आप्पाला वळखू आला नसंल का? मग मी काय सांगू? वही समोर हाय, पेन बी हाय. तुम्ही असता तर काय केलं असतं?