साखराबाई आणि मंडळींची तबकडी

माघातल्या एका सकाळी भिवराबाई आईविना राहिलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. तेवढ्यात वाडीच्या रस्त्यानं एक निळी मोटार आली. तलवाड्यापासून दोन कोसांवरची ही वाडी, घरं जेमतेम पंचवीस. त्यातली निम्मी उसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. अशा दिवसांत मोटारीचा आवाज लांबूनच ऐकू येतो. ती आपल्याच दारात थांबेल असं मात्र भिवराबाईला वाटलं नव्हतं.

मोटारीतून दोघं उतरली. एक बीडचे राधाकिशन सर, शाळेतून निवृत्त झालेले, खांद्याला शबनम. दुसरी मोहिनी, पुण्यात नोकरी करणारी तिशीतली मुलगी, माहेर गेवराईचं.

"भिवराबाई म्हणजे तुम्हीच का?" सरांनी विचारलं.

"मीच. काय काम हाय?"

"साखराबाईंच्या मागं झील धरणाऱ्या?"

बाटली कधीच रिकामी झाली होती आणि कोकरू नुसतंच ओढत होतं. भिवराबाईच्या ते ध्यानात आलं नाही. साखराबाईचं नाव पन्नास वर्षांत तिच्या दारात कुणी घेतलं नव्हतं.

दोघं बाजेवर बसली आणि सरांनी सगळं नीट सांगितलं. त्यांना जुन्या तबकड्या गोळा करायचा नाद. मोहिनीचा नाद त्याहून निराळा. जमैका नावाचं एक बेट आहे, तिथं रेगे नावाचं गाणं. तिथल्या तीन-तीन गळ्यांच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या गटांच्या तबकड्या ती जगभरातून हुडकायची. एकदा सरांनी तिला एका जुन्या कंपनीची यादी दाखवली. त्यात पंचाहत्तर सालची एक नोंद होती, 'साखराबाई आणि मंडळी, तलवाडा, ओव्या'. दोनशे नग. तिघी बायका, वाद्य कुठलंच नाही. तेव्हापासून दोघं त्या तबकडीच्या मागावर होती.

"अकरा घरं फिरलो, मावशी," सर म्हणाले. "अकराही घरांत लोकांना तबकडी आठवते, पण एकाकडंही नाही. सगळे एकच सांगतात, फार वर्षांमागं एक माणूस आला होता, दुप्पट पैसे देऊन घेऊन गेला. कशाला न्यायचा, कुणाला माहीत नाही."

"आणि आता दुसरंच," मोहिनी म्हणाली. "मी महिन्यापूर्वी फोनवर सगळीकडं टाकलं, ही तबकडी कुणाकडं असेल तर कळवा म्हणून. तेव्हापासून आम्ही जिथं जातो तिथं आमच्या आधी कुणीतरी जाऊन आलेलं असतं. परवा एका म्हातारबाबानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. हात जोडून. मावशी, ती तबकडी कुणाकुणाकडं होती, तुम्हाला आठवतं का?"

हाच प्रश्न भिवराबाईला आधी एकदा विचारला गेला होता.

"मला काय बी ठावं न्हाई," ती म्हणाली. "चहा घ्या अन् जावा."

सरांनी कागदावर आपला नंबर लिहून ठेवला आणि ती दोघं गेली. भिवराबाई तिथंच बसून राहिली.

तिला ठाऊक सगळंच होतं. साखराबाई तिची चुलत नणंद. तिचा गळा असा, की मेंढरं रानात पांगली तरी तिच्या आवाजावर माघारी यायची. साखराबाई ओवी घालायची, भिवराबाई आणि बायनाबाई मागनं झील ओढायच्या. नारायणगडच्या जत्रेत एका कंपनीच्या माणसानं तिघींना ऐकलं आणि एसटीनं औरंगाबादला नेलं. एका बाजूला बिरोबाच्या ओव्या झाल्या. दुसऱ्या बाजूला काय गाता, असं त्यानं विचारलं. साखराबाईनं कुणाला न विचारता, डोळे मिटून सुरुवात केली:

बुडाला म्हन्ती भाऊ, इहिर लई खोल
पान्याला बोटं न्हाईत, मानेवरल्या वळा, बोल

तो भाऊ म्हणजे साखराबाईचा भाऊ आश्रुबा. त्याच्या मेंढ्या, आसपासची सगळी जमीन ज्यांची, त्या थोरल्या मालकांच्या उसात शिरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आश्रुबा त्यांच्याच विहिरीत सापडला. पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं. अंघोळ घालताना त्याची मान साखराबाईनं पाहिली होती आणि भिवराबाईनंही. पुढच्या ओव्यांत विहिरीचं ठिकाण होतं, उसाचं रान होतं, मालकाचं नाव होतं. कंपनीच्या माणसाला त्यातलं काही उमगलं नाही. त्याला चाल आवडली.

मग एका लग्नात कर्ण्यावर ती तबकडी वाजली आणि चौथ्या दिवशी मालकांचा माणूस भिवराबाईच्या दारात आला. ती अठरा वर्षांची, मांडीवर सहा महिन्यांचा भागवत. त्या माणसानं आवाज चढवला नाही. भागवतच्या टाळूवर हात ठेवला, तो तसाच ठेवून विचारलं, "कुनाकुनाकडं हाय ती तबकडी?"

भिवराबाईनं आपली तबकडी काढून दिली. मग बोटांवर मोजत सहा घरं सांगितली. सातवं नाव बायनाबाईचं, ती तोवर लांब घाटनांदूरला नांदायला गेलेली; तेवढं तिनं गिळलं.

साखराबाईला ते कळलं. ती भांडली नाही. तिनं भिवराबाईशी बोलणंच टाकलं. दोन वर्षांनी उसतोडीच्या मुलखात बैलगाडी उलटून साखराबाई गेली, असं लोक सांगत आले. गाडी कशी उलटली हे बघणारं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून भिवराबाई गायली नाही. जात्यावर नाही, बारशात नाही, नातवंडांना निजवताना सुद्धा नाही. सून म्हणायची, आमच्या सासूला गळाच नाही.

सर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी अभिमन्यू आला. थोरल्या मालकांचा मुलगा, आता साठीचा. बापाच्या नावानं त्यानं कॉलेज काढलं होतं आणि येत्या पाडव्याला चौकात बापाचा पुतळा बसणार होता. पांढरी गाडी बांधाला लावून तो एकटाच चालत आला, चप्पल काढून बाजेवर बसला. भागवत धावत पाणी घेऊन आला.

"बस रे भागवत. मावशी, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"काल पाव्हणे आलते म्हनं."

"आलते. चुकून आले अन् गेले."

अभिमन्यूनं चहा पिऊन कप खाली ठेवला. वाघुरीच्या जाळीआड कोंडलेल्या मेंढ्यांकडं बराच वेळ बघत राहिला.

"शंभर-सव्वाशे असतील न्हाई? आमच्याच रानात बसवता उन्हाळाभर. चांगलं हाय. खत होतंय आमाला, चारा तुमाला." मग तिच्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "जुन्या गोष्टी उकरणारी मानसं येत्यात, जात्यात. ऱ्हायचं आपल्याला असतं. कुनाकडं ऱ्हायली असंल एखादी, तर सांगा मावशी. तुमीच सांगितलं होतं ना मागं बी?"

भागवतनं आईकडं पाहिलं. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पन्नास वर्षं जे लपवलं ते या माणसानं चहाच्या घोटाबरोबर तिच्या पोरासमोर काढून ठेवलं.

"न्हाई कुनाकडं," भिवराबाई म्हणाली.

"बघा आठवून," असं म्हणून अभिमन्यू उठला.

गाडी गेल्यावर भागवत उसळला. "काय सांगितलं होतंस तू, माय? कुनाला?"

तिनं त्याला सगळं सांगितलं, विहिरीपासून सहा घरांपर्यंत. भागवत डोकं धरून बसला. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता गप ऱ्हा. आपल्याला इथंच जगायचंय."

"गपच हाय की रे मी," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली."

पण तिच्या मनात एकच घोळत होतं. हा माणूस हुडकत हुडकत बायनाबाईपर्यंत जाणार. आज नाही तर आठ दिवसांनी. संध्याकाळी तिनं शेजारच्या सुनेला तो कागद दिला आणि नंबर लावून घेतला.

"सर, घाटनांदूरला चला. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांची मोटार आली. भागवत आडवा आला नाही. बीड मागं पडलं तसं मोहिनी आरशात बघू लागली. पांढरी गाडी मागं होती. मोटार ढाब्यावर थांबवली तर तीही लांबवर थांबली. पुढं येईना, मागं राहीना. अंबाजोगाई ओलांडली तरी ती होतीच.

"परत फिरायचं का मावशी?" सरांनी विचारलं.

"फिरून कुटं जायचं? त्या गाडीला येऊ द्या मागनं. तुमी जोरात चला."

घाटनांदूरच्या बाजारात गुरांच्या गाड्यांची कोंडी झाली होती. सरांची मोटार कशीबशी निसटली, पांढरी गाडी मागं अडकली. बायनाबाईचं घर गल्लीच्या टोकाला. ती आता अंथरुणाला खिळलेली, कानानं गेलेली. तिनं भिवराबाईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि ओळखलं. भिवराबाईनं नुसतं बोटानं हवेत गोल काढून दाखवला. बायनाबाईनं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीकडं मान हलवली. सगळ्यात खाली, हिरव्या लुगड्याच्या घडीत तबकडी होती. लाल कागद, त्यावर नाव चुकून 'सखराबाई' छापलेलं.

मोहिनीनं पिशवीतून छोटं यंत्र काढलं. तबकडी लावून तिनं वायर फोनला जोडली. आधी नुसती खरखर. मग साखराबाई.

भिवराबाईनं भिंतीला हात टेकवला. मेलेल्या माणसाचा आवाज इतका तरणा असेल असं तिला वाटलं नव्हतं. मागनं दोन गळे येत होते, त्यातला एक तिचा. तो तिला ओळखू आला नाही. बायनाबाईला ऐकू येत नव्हतं, पण फिरणाऱ्या तबकडीकडं बघत तिचे ओठ बरोबर हलत होते.

शेवटची ओवी चालू होती तेव्हाच गल्लीत गाडीचं दार आपटलं. दोघं जण आत आले. भर दुपारची वेळ, समोरच्या ओट्यावर चार माणसं बसलेली, पण त्यांनी माना फिरवल्या.

"ती द्या," एक जण म्हणाला.

सर मधे उभे राहिले. त्या माणसानं त्यांना एका हातानं बाजूला केलं, दार सारावं तसं. मोहिनीनं फोन ओढणीत लपवला आणि भिवराबाईकडं पाहिलं. गाणं वाजता वाजताच फोनमधून पुण्याला गेलं होतं, एवढं तिनं डोळ्यांनीच सांगितलं.

भिवराबाईनं तबकडी आपल्या हातानं उचलून दिली. त्यानं ती गुडघ्यावर मोडली. दोन तुकडे पिशवीत टाकून ते निघून गेले. जाताना दुसऱ्यानं दारात थांबून बायनाबाईकडं, मग घराच्या आढ्याकडं नीट बघून घेतलं.

गाणं आठ दिवसांत गावोगावच्या फोनवर पोचलं. पाडव्याचा पुतळा पुढं ढकलला, पण रद्द झाला नाही. सरांच्या मोटारीच्या काचा कुणीतरी फोडल्या. भागवतच्या मेंढ्यांना कुठल्याच रानात शिरू देईनात, आणि एका सकाळी ओढ्याकाठी सात मेंढ्या पोट फुगून मेलेल्या दिसल्या. भागवत राहिलेला कळप घेऊन बायकापोरांसह सासुरवाडीला निघाला.

"तू बी चल, माय."

"मला गेवराईला सोड आधी," ती म्हणाली.

ठाण्यात तिनं जबानी दिली. आश्रुबाच्या मानेवरचे वळ सांगितले आणि आपण सांगितलेली सहा घरंही. लिहून घेणाऱ्यानं चार ओळी लिहिल्या आणि विचारलं, "आजी, एवढ्या वर्षांनी कशाला?" तिनं पुढं होऊन अंगठा लावला.

पुढं काही झालं नाही. चौकशी चालू आहे, असं सांगतात. भिवराबाई वाडीतच राहिली, एकटी. शेजारच्या बायका आता तिच्या ओट्यावर बसत नाहीत. बायनाबाई चैत्रात गेली. झोपेत गेली, असा निरोप आला, आणि भिवराबाईनं निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं, झोपेतच ना?

दोन-तीन दिवसांआड पांढरी गाडी वळणावर येते. इंजिन चालू ठेवून थांबते. आधी ती पाच मिनिटं थांबायची, आता अर्धा-अर्धा तास थांबते. भिवराबाई ज्वारी निवडत दारातच बसलेली असते, आणि हळू आवाजात, शब्द चुकत, साखराबाईची ओवी म्हणत असते. झील धरायला मागं कुणी नाही, म्हणून ती तेवढी जागा रिकामी सोडते आणि पुढची ओळ घेते. काल गाडीतला माणूस पहिल्यांदा खाली उतरला.