कुजबूजबाईंचे दोन शब्द

आमच्या शाळेत आत्याचं खरं काम ग्रंथालयाचं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची आणि आत आलेल्या मुलांना 'हळू' म्हणायचं. पण हे काम कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते दुसरंच. दरवर्षी उपक्रम सप्ताहात नाटक असतं, आणि नाटक चालू असताना आत्या विंगेत, काळ्या पडद्याच्या आडोशाला, एका बुटक्या स्टुलावर बसून मुलांना विसरलेली वाक्यं सांगते. मुलांनी तिचं नाव कुजबूजबाई ठेवलंय. मी तिच्या भावाची मुलगी. त्याच शाळेत गणित शिकवते आणि तिच्याच घरात राहते. म्हणजे ही बाई मला शाळेतही आणि घरीही. सुटका नाही.

तंद्री लागणं म्हणजे काय ते आत्याकडे बघून शिकावं. दूध गॅसवर ठेवते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. दूध उतू जातं. मी ओरडत धावते, तर म्हणते, "थांब गं, दुसरा अंक संपतोय." सप्ताह जवळ आला की तिचे ओठ सतत हलत असतात. बस थांब्यावर शेजारच्या बायकांना वाटतं, ही काही जप करतेय. एकदा भाजीवाल्यानं टोमॅटो किती देऊ विचारलं तर ती म्हणाली, "महाराज, सैन्य तयार आहे." त्यानं बिचाऱ्यानं एक किलो दिले. माझा स्वभाव तापट आहे, मला असलं काही खपत नाही, पण तिच्यावर रागावून रागावणार किती? ती ऐकायला जागेवर तर हवी.

यंदाचा सप्ताह तिचा शेवटचा. या महिन्याअखेर ती निवृत्त होणार. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्या शिक्षकांसमोर जाहीर करून टाकलं, "बक्षीस समारंभाच्या दिवशी कुजबूजबाई मंचावर येऊन दोन शब्द बोलतील. पडद्याआडून नाही, सगळ्यांसमोर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी त्या दिवशी रजा टाकते."

"स्वतःच्या निरोपाला रजा?"

"ताप आला म्हणून सांग."

"आधी ताप येऊ दे, मग सांगते."

मी चेष्टा केली खरी, पण तिला खरंच धडकी भरली होती. इतकी वर्षं शाळेत काढली, पण मंचाच्या मधोमध ती कधी उभी राहिली नव्हती. म्हणजे एकदाच राहिली होती, लहानपणी, याच मंचावर.

ती आणि मोठ्या बाई याच शाळेच्या विद्यार्थिनी, एका वर्गातल्या, एका बाकावरच्या. त्यांच्या वर्गाचं नाटक होतं. घर सोडून गेलेल्या नातीची वाट बघत एक आजी दाराशी बसलेली असते. शेवटी नात येते, दार वाजवते आणि म्हणते, "आजी, दार उघड. मी आलेय." आजी म्हणते, "ये. दार उघडंच आहे." पडदा. आत्या नात होती. मोठ्या बाई आजी होत्या, केसांना पावडर फासलेल्या. आत्यानं दार वाजवलं आणि ती थांबली. तिचं म्हणणं असं की इतक्या दिवसांनी घरी आलेली मुलगी लगेच तोंड कशी उघडेल? पण विंगेतल्या सरांना वाटलं पोरगी विसरली. त्यांनी ते वाक्य एवढ्या मोठ्यानं सांगितलं की सगळ्या सभागृहानं ऐकलं. हशा पिकला. आत्या तशीच उभी. कुणीतरी पडदा पाडला.

"माझं वाक्य सगळ्यांनी ऐकलंच होतं गं," ती मला सांगते. "मग मी काय बोलायचं उरलं?"

मोठ्या बाई आजही शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना तिला टोमणा मारतात, "हिच्यामुळे माझं वाक्य अजून तोंडातच आहे." सगळे हसतात, आत्याही हसते. पुढे ती विंगेतल्या त्या स्टुलावर जाऊन बसली ती कायमचीच. मुलांच्या बाबतीत तिचा एकच नियम असतो. ती म्हणते, विसरलेलं मूल इकडेतिकडे बघतं, थांबलेलं मूल समोर बघतं. इकडेतिकडे बघणाऱ्याला वाक्य द्यायचं. समोर बघणाऱ्याला मुळीच द्यायचं नाही, मग सभागृह कितीही चुळबुळ करो.

सप्ताह सुरू झाला की शाळा शाळा राहत नाही. वर्गातले बाक बाहेर येतात, व्हरांड्यात दोऱ्या बांधून त्यांवर चित्रं वाळत घातली जातात, आणि वारा सुटला की निळे डोंगर, लाल घरं, हिरवे हत्ती सगळे एकदम हलतात. विज्ञानाच्या खोलीत ज्वालामुखी फुटतो आणि फरशीवर व्हिनेगरचा वास बसतो. कुणी वाळू आणि कोळशातून गढूळ पाणी गाळून दाखवतं आणि स्वतःच पिऊन दाखवायचा हट्ट धरतं. मैदानावर आमच्या मुलींनी रिलेत बाजी मारली. काठी हातातून निसटता निसटता राहिली तेव्हा मी, गणिताची बाई, कुंपणावर चढून ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. हस्ताक्षर स्पर्धेत पहिला आलेला मुलगा दोन दिवस उजवा हात खिशात जपून ठेवून हिंडत होता. या सगळ्यातून आत्या पाण्यात चालावं तशी चालत असते. कुणी आपलं चित्र दाखवलं की हात फिरवून बघते, "छान" म्हणते, आणि पुन्हा तिचे ओठ हलू लागतात.

दुपारी तालीम चालायची तेव्हा मीही मुद्दाम सभागृहात जाऊन बसायचे. उंच झरोक्यांतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि मंचावर निळ्या कापडाचं धुकं सोडलेलं असायचं. नाटक मुलांनीच लिहिलं होतं. एका धक्क्यावर काही माणसं बोटीची वाट बघताहेत. कुणाला पलीकडे आईला भेटायचंय, कुणाला परत जायचंय. खिडकीत एक तिकीटवाली बसलीय. शेवटी तिला निरोप मिळतो, आणि ती बाहेर येऊन सगळ्यांना सांगते, "आज बोट येणार नाही." एवढंच. तिकीटवाली झालेली मुलगी सातवीतली, सडपातळ, चष्मेवाली, वर्गात कधी हात वर न करणारी. पण त्या निळ्या धुक्यात ती बाहेर यायची, सगळ्यांकडे बघायची, आणि थांबायची. आपल्याला कळायचं, हिला सांगवत नाहीये. मलासुद्धा वाटायचं, नको सांगूस, राहू दे.

"रोज थोडी जास्त थांबते बघ," आत्या घरी येताना म्हणायची. तिचे डोळे चमकायचे. "मी काही शिकवलं नाही हं. तिचं तिलाच सुचलंय."

नाटकाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. बाहेरचे एक पाहुणे परीक्षक म्हणून आले होते. आत्या स्टुलावर बसली, हातात संहिता, पण डोळे तिसरीकडेच. समारंभ दुसऱ्याच दिवशी होता. मी मुलांच्या टोप्या आणि पिशव्या सांभाळत तिच्या मागेच उभी होते, आणि मला ऐकू येत होतं ते नाटकातलं वाक्य नव्हतं. ती पुटपुटत होती, "आदरणीय मुख्याध्यापिका आणि माझ्या लाडक्या मुलांनो." पुन्हा पहिल्यापासून, "आदरणीय मुख्याध्यापिका."

तिकीटवाली बाहेर आली. सगळ्यांकडे बघून थांबली. कधी नव्हे इतकी थांबली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आत्या त्या शांततेनंच दचकली. झोपेतून उठवल्यासारखी तिनं संहितेकडे बघितलं, मुलीकडे बघितलंच नाही, आणि घाईघाईनं वाक्य दिलं, "आज बोट येणार नाही!"

गाण्याच्या सरांनी समुद्राच्या आवाजासाठी विंगेत एक माइक टांगला होता. आत्याचा आवाज त्यात शिरला आणि सभागृहभर घुमला. लोक खो खो हसले. तिकीटवालीनं मग तेच वाक्य म्हटलं, बारीक आवाजात, आणि नाटक संपवलं.

विंगेत येऊन तिनं डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. मग आत्याकडे वळून म्हणाली, "बाई, मी विसरले नव्हते. थांबले होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतंच सांगितलं आणि ती चष्मा पुसत निघून गेली.

घरी जाताना मी गाण्याच्या सरांच्या नावानं बोटं मोडली. माइक टांगायला दुसरी जागा नव्हती? यांना समुद्राचा एवढा पुळका कशाला?

"माइकनं काय केलं?" आत्या म्हणाली. "बोलले तर मीच ना? अगं, मी तेच केलं. माझ्या बाबतीत जे झालं, तेच मी त्या पोरीच्या बाबतीत केलं."

ती रडत होती. भर रस्त्यात, पिशवी हातात धरून, डोळे न पुसता. मी तिचा हात धरला आणि आम्ही तशाच घरापर्यंत आलो.

कुलूप काढताना ती म्हणाली, "उद्या मी बोलणार आहे. तू विंगेत उभी राहा."

"राहीन. अडखळलीस तर सांगेन."

"आणि थांबले तर?"

मी आत जाऊन दिवा लावला.

समारंभात बक्षिसं वाटता वाटता टेबल रिकामं होत गेलं. रिलेच्या मुलींनी एकच पदक चौघींत कसं वाटायचं यावर मंचावरच वाद घातला. हस्ताक्षरवाल्यानं अखेर उजवा हात खिशातून काढला. अभिनयाचा करंडक नाटकात धक्क्यावरचा हमाल झालेल्या मुलाला मिळाला. तो लायक होता, माझी तक्रार नाही. पण पाहुण्यांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "मुलांनो, पाठांतराकडे लक्ष द्या. तिकीटवाली शेवटी वाक्य विसरली नसती, तर निकाल वेगळा लागला असता." तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली मुलगी खाली मान घालून बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मोठ्या बाईंनी आत्याचं नाव पुकारलं.

ती मंचाच्या मधोमध गेली. समोर बोलण्यासाठी लाकडी स्टँड होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरला. 'आदरणीय' तिला आठवलंच नाही, किंवा नको वाटलं असेल.

"तिकीटवाली विसरली नव्हती," ती म्हणाली. "ती थांबली होती. थांबणं तिच्या अभिनयात होतं. घाई मी केली, हसू तिचं झालं. चूक माझी आहे, हे सगळ्यांसमोर सांगायला मी इथं आले."

पाहुणे खुर्चीत जरा सरळ बसले. तिसऱ्या रांगेतली मान वर आली, आणि शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं.

मला वाटलं, झालं, आता आत्या परत येईल. पण ती तिथंच उभी राहिली. काही बोलेना. खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. तिच्या भाषणाचा कागद माझ्या हातात होता, पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, 'ही शाळा म्हणजे माझं दुसरं घर'. माझ्या जिभेवर आली होती ती. एवढ्यात मला आठवलं आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती इकडेतिकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती.

मी कागदाची घडी घातली.

गाण्याच्या सरांनी वेळ भरून काढायला पेटीवर बोटं ठेवली. मंचावर बसलेल्या मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला, आणि सरांची बोटं होती तिथंच राहिली.

मग आत्यानं मूठ उचलली आणि लाकडी स्टँडवर हलकेच वाजवली. टक टक.

"आजी, दार उघड," ती म्हणाली. "मी आलेय."

कुजबूज नव्हती ती. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेली. मुलांना काही कळलं नाही, ती एकमेकांची तोंडं बघू लागली. मोठ्या बाईंचा आवाज म्हणजे मैदानाच्या त्या टोकाला पळणारं पोर जागच्या जागी थांबवणारा. त्या खुर्चीतून उठल्या. त्यांचे केस आता पावडरीशिवायच पांढरे आहेत. त्यांना बोलायला वेळ लागला, आणि बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटलाच नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "दार उघडंच आहे."

पडद्याची दोरी माझ्या हाताशीच होती. मी जराशी थांबले, आणि मग ओढली.