रोहूचं लगन

"वडिलांना खालीच बसू दे. जाळं डोक्यावर राहू दे. फोटोत अस्सल दिसतं," सर म्हणाले.

मंचावर खुर्च्या एवढ्या, की आमचं अख्खं मोहाडी गाव बसलं असतं. माझा बाप मात्र फरशीवर. धुतलेला सदरा घालून आला होता. सरांनी जाळं मुद्दाम ओलं करवून घेतलं. पाणी कॉलरीतून आत उतरत होतं.

मी पीएच.डी. करत होते, सर माझे मार्गदर्शक. आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, चालीरीतींवर त्यांचा मोठा प्रकल्प. गावं मी तुडवली, नाव त्यांचं. त्या दिवशी विद्यापीठात तपासणी समिती आली होती.

प्रकल्पाचा कणा म्हणजे 'मत्स्यविवाह'. सरांनी त्यावर एवढं लिहिलं, की त्या कागदांनी तलाव बुजला असता. खरी गोष्ट अशी. जाळं घेऊन निघालेल्या ढिवराला कोणी हटकलं, तर तो खरं सांगत नाही. सांगितलं की जाळं रिकामं येतं. सरांनी बाबांना नेमकं तलावाच्या पाळीवर गाठलं.

"रोहूचं लगन लावाले चाललो जी," बाबा म्हणाले. "हळद लावतो, मंग पान्यात सोडतो."

सरांनी वही काढली. मग बाबांनी वरात दिली, मानपान दिला, रुसलेला व्याहीसुद्धा दिला.

ही थट्टा आहे, हे मी सरांना तेव्हाच सांगितलं. ते हसले. "तुम्ही लोकांनी माहिती द्यायची. अर्थ लावायला डोकं लागतं."

दोन वर्षं मी ते वाक्य गिळून बसले. प्रबंधावर त्यांची सही हवी होती.

आता त्यांनी माझ्या हातात हळदीची वाटी दिली. टेबलावर बाजारातला मेलेला रोहू. "चल, विधी करून दाखव. आणि लुगडं का नाही नेसलीस?"

बाप मान वर करेना. माझं डोकं तडकलं.

वाटी ठेवली. माईक ओढला. "असलं लग्न आमच्यात नाही. बाबांनी थट्टा केली होती. सरांना ते ठाऊक आहे."

एवढी शांतता, की रोहूनं जांभई दिली असती तरी ऐकू आली असती.

सर कानाशी आले. "सही विसर."

"विसरले, सर."

बापाला उठवून खुर्चीवर बसवलं. त्यानं हळूच विचारलं, "येवढे दिवस काहून गप होती?"

मी त्याच्या डोक्यावरचं ओलं जाळं उतरवलं.

मार्गदर्शक बदलायचा अर्ज त्याच दुपारी दिला. फेटाळला तर पुन्हा देईन. प्रबंध मीच लिहिणार. एकेक पान आधी ढिवरांना वाचून दाखवणार. त्यांनी खोटं म्हटलेलं पान तिथंच फाडणार. उरेल ते माझ्या नावानं छापणार, पदवी मिळो न मिळो.