आटलेल्या तलावाकाठचं घर

आगबोटीच्या कठड्याला टेकून मी मागे सरणारं आमचं बंदर पाहत होतो आणि मनातल्या मनात मेव्हण्याला शिव्या घालत होतो. माझ्या बायकोला, सुभद्रेला, दमा. कोकणची दमट हवा सोडा, हिला देशावर कोरड्या हवेत न्या, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं आणि दोन वर्षं मी ते कानाआड केलं होतं. समुद्र दिसत नाही तिथे मला करमत नाही. सारी हयात बंदराच्या जकातीवर गेली, आता म्हातारपणी ढेकळं बघत बसू? पण हिचा धाकटा भाऊ गुरुनाथ निजामाच्या मुलखात भालकीला व्यापार करतो. त्याचं पत्र आलं : ‘दाजी, तलावाकाठी जुनं, देखणं घर विकायला निघालं आहे. मागल्या दारी पाणीच पाणी. तुम्हाला समुद्राची आठवण होणार नाही.’ त्यावर नाही म्हणायला मला कारण सुचेना, आणि त्याचाच राग जास्त होता.

मुंबईहून रेल्वेने सोलापूर. शाळेत असताना मी इथे मामाकडे राहिलो, पुढे त्यांनीच सोयरीक जुळवली, म्हणून तर भालकीची मुलगी कोकणात आली. पुढे हुमनाबादपर्यंत मोटार. तिला मोटार म्हणायचं ते केवळ पुढे यंत्र होतं म्हणून. बाकी हाडं खिळखिळी करण्यात ती कोणत्याही छकड्याला हार गेली नसती. धूळ अशी की दर मैलाला मी नाक शिंकरत होतो.

हद्दीच्या नाक्यावर आमची आंब्यांची करंडी खाली उतरवली गेली. कारकुनाने एकेक आंबा दाबून पाहिला. “इतने आम कायकू?” त्याने विचारलं.

“खायला,” मी तडकलो. “त्यांचा काय तोफखाना करणार आहे मी?”

जन्मभर मी लोकांच्या पेट्या उघडल्या, माझी कोणी उघडली नव्हती. माझा चेहरा बघून सुभद्रा खळखळून हसायला लागली आणि बराच वेळ हसत राहिली. हसली की तिला खोकल्याची उबळ येते. त्या दिवशी आली नाही, पण माझं सगळं लक्ष दबलेल्या आंब्यांकडे होतं.

हुमनाबादला गुरुनाथ गाडी जुंपून उभा होता. दुबलगुंडीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत वळून एका लहानशा गावात आम्ही पोचलो. वाटेत बहीणभाऊ बोलत होते. माझ्याशी इतकी वर्षं शुद्ध बोलणारी बायको घटकाभरात ‘कामून’ आणि ‘व्हय की’वर आली. मला उगाचच परक्यासारखं वाटलं.

घर मात्र खरोखर देखणं होतं, ते नाकारून चालणार नाही. काळ्या दगडाची बांधणी, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असे भिंतीत कोनाडे, सागवानी खांबांवर पोपट आणि कैऱ्या कोरलेल्या. मागच्या बाजूला बाहेर काढलेला लाकडी सज्जा, त्याला लाल-हिरव्या काचा. खाली दगडी पायऱ्या थेट तलावात उतरलेल्या. घरमालक शरणप्पा हे बसवण्णांना मानणाऱ्या घरातले, साठीचे, पांढऱ्या रुमालाचे गृहस्थ. मुलं हैदराबादेत दुकानं टाकून बसली, म्हणून घर विकत होते. त्यांनी मागलं दार उघडलं आणि मी अधीर होऊन पहिल्या पायरीवर उभा राहिलो.

थेंब नव्हता! क्षितिजापर्यंत भेगाळलेली माती, तिच्यात शेळ्या चरत होत्या आणि चार बैलगाड्या चाकं रुतवून उभ्या होत्या.

“गुरुनाथ, पाणी कुठाय?”

“उन्हाळा हाय की, दाजी. पावसाळ्यात येतंय.”

“मग पत्रात तसं का नाही लिहिलंस?”

तो खरोखर गोंधळला. “तलाव उन्हाळ्यात आटतोय, हे कामून लिवायचं? लेकराला बी ठाऊक हाय.”

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तीन दिवसांचा प्रवास करून मला शेळ्यांचं कुरण दाखवलं होतं! शरणप्पा शांतपणे म्हणाले, “आटला म्हणून तर घर हाय, साहेब. तळाची चिकण माती निघाली न्हाई तर माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतंय. उद्या आमच्या घरावर नवी माती टाकायची हाय. सारा गाव येतोय. बघा तर.”

जेवणात भाकरी, शेंगाची चटणी आणि पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी). भाजी इतकी चांगली झाली होती की मी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा कपाळावरची आठी मोडू दिली नाही.

सकाळी गाड्या दाराशी लागल्या. गावातली माणसं रांग धरून उभी राहिली. तळ्यातून माती, मातीच्या पाट्या (टोपल्या), पाट्या हातोहात जिन्यापर्यंत. पाऊस लागायच्या आत असंच एकेक घर करत जातात, मजुरी कोणी मागत नाही. मी दोष काढायला म्हणून उभा होतो, पण त्यात दोष सापडेना. एवढ्यात शरणप्पा एक भरलेली पाटी घेऊन सुभद्रेपुढे आले.

“पयली पाटी तुमी टाका, अक्का. घर विकताना नवी माती टाकूनच द्यावं, आन् पयली पाटी घेणाऱ्याच्या बाईनं टाकावी. आमची रीत हाय.”

“टाकली म्हणजे काय होतं?” मी मध्येच विचारलं.

“मंग घर तिचं. पुन्हा मी दुसऱ्याला दाखवीत न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. “अजून काही ठरलेलं नाही! रीत दाखवून घर गळ्यात बांधायलात काय?” रागाच्या भरात मीही त्यांच्यासारखंच बोलून गेलो. रांग थांबली.

“अहो, ओरडू नका,” सुभद्रा म्हणाली. मग शरणप्पांकडे वळून म्हणाली, “आणा ती पाटी, अप्पा.”

पाटी डोक्यावर घेऊन ती भिंतीतल्या अरुंद जिन्याने चढू लागली. चौदा पायऱ्या, मी मोजल्या. तिला आता दम लागेल, मग लागेल, म्हणून मी खाली कान देऊन उभा होतो. वर माती पडल्याचा धप्प आवाज आला आणि पाठोपाठ तिची हाक.

“अहो, वर या! इथून लांबवर दिसायलंय.”

मी गेलो नाही. अंगणात पाठ फिरवून उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर सोलापूरपर्यंत मी तिला ऐकवत होतो : मातीची पाटी म्हणजे खरेदीखत नव्हे, तुझ्या भावाने फसवलं, त्या म्हाताऱ्याने अडकवलं. मुंबईला आगबोटीत बसल्यावर मी निवळलो. भरतीच्या वेळी आमच्या धक्क्यावर उतरलो. खारा वारा तोंडावर आला आणि मी छाती भरून श्वास घेतला.

“बघ,” मी म्हणालो, “याला म्हणतात हवा.”

मागे वळलो तर ती धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. एक हात छातीवर, दुसरा दगडावर. तिची ती दम्याची घरघर. तिच्या मुलखात असताना ती एकदाही कानावर पडली नव्हती, त्या चौदा पायऱ्या चढतानाही नाही.

“तुम्ही पुढे व्हा,” ती कशीबशी म्हणाली. “मी येते हळूहळू.”

दोन वर्षं ती मला हेच सांगत होती आणि दोन वर्षं मी पुढे होत होतो. समोर समुद्र मजेत फुगला होता. त्याच्यावर मी जन्मात चिडलो नव्हतो, त्या संध्याकाळी चिडलो. पण त्याहून जास्त माझा मलाच संताप आला. मी मागे फिरलो आणि तिला आधार देऊन उठवलं.

तिला घरी आणून बसवलं आणि दिवा लावून आधी गुरुनाथला पत्र लिहिलं : ‘शरणप्पांना सांग, घर दुसऱ्या कुणाला दाखवू नका. पहिली पाटी पडली आहे.’ तलावाला पाणी आलं का, हे मी विचारलं नाही.