रेषेवरची पल्लवी

आमच्या स्टाफरूममध्ये पेपर आला की राजकारण मुख्याध्यापक माणिकराव सर घेतात, राशिभविष्य मी घेते आणि खेळाचं पान पल्लवी खिल्लारेकडे जातं. मोठी टेनिस स्पर्धा चालू असली की बारीक टाइपातल्या निकालांवरून बोट फिरवत ती एक नाव शोधते आणि पान घडी करून ठेवते. कळमनुरीत टेनिसचं कुणाला काय पडलंय! मी तिला खूप चिडवलं. कुणी गोरा खेळाडू मनात भरलाय का, असंही विचारलं. ती नुसती हसायची.

पल्लवी मूळची कुरुंद्याची. पुण्यात शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना टेनिस स्पर्धांना रेषापंच म्हणून उभी राहू लागली आणि सात-आठ वर्षं तेच करत राहिली. आपली एक रेषा बघायची, चेंडू बाहेर पडला की ओरडायचं. टाळी वाजवायची नाही, खेळाडूशी बोलायचं नाही. पुढे ते काम यंत्रांकडे गेलं आणि ही आमच्या शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका होऊन आली. गावच्या बाया विचारायच्या, "तू खेळायचीस काय?" "न्हाई." "मग तिथं करायचीस काय?" भाड्याच्या खोलीत एकटी राहते, डबासुद्धा मैदानाच्या पायरीवर एकटीच खाते.

गेल्या वर्षी मी हट्टानं त्या पायरीवर जाऊन बसले, तेव्हा तिनं सांगितलं.

"उपांत्य सामना होता, मॅडम. शेवटचा सेट. मी चेंडू बाहेर दिला, अन् तोंडातून शब्द निघाल्याबराबर वाटलं, रेषेला लागलाय. चुकलं तर हात वर करून 'करेक्शन' म्हणता येतं आमाला. पण त्याच क्षणी म्हणावं लागतं. मी भ्याले. जिचा चेंडू होता त्या पोरीनं नुसतं माझ्याकडं पाह्यलं. भांडली न्हाई. हरली."

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर पल्लवीनं तो चेंडू पुन्हा पाहिला. रेषेलाच लागला होता.

त्या मुलीचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, पण तेव्हापासून मीही निकाल बघू लागले. तिनं मोठ्या स्पर्धेत एक सामना जिंकावा, एकच, म्हणजे पल्लवीच्या मनावरचं ओझं उतरेल. यंदा अमेरिकेतल्या स्पर्धेत ती पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आली, तर पल्लवीनं मला चक्क पेढा दिला. मग निकाल आला. पहिल्याच फेरीत, तिसऱ्या सेटमध्ये पराभव. खाली एक ओळ होती, की हा तिचा शेवटचा सामना.

पल्लवीनं पान घडी करून ठेवलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली. त्याच दिवशी आखाडा बाळापूरला मुलींच्या तालुका कबड्डीचा अंतिम सामना होता आणि आमची शाळा त्यात होती. पंच कमी पडले म्हणून तिलाच रेषेवर उभं केलं. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. समोरची मुलगी आमच्या एकीला शिवून परत पळाली. पल्लवी ओरडली, "बाहेर!" आमच्या पोरी नाचायला लागल्या, आणि पल्लवीचा हात वर गेला.

"करेक्शन! पाय आतच होता. माझं चुकलं."

आम्ही एका गुणानं हरलो. माणिकराव सर सगळ्यांदेखत म्हणाले, "घरच्याच लेकरायला हरवून राहिल्या काय तुमी?"

परतताना भाड्याच्या मिनीबसमध्ये पोरी रडत होत्या आणि पल्लवीच्या शेजारची जागा रिकामी होती. मला ती जागा दिसली. पल्लवीचा अभिमान वाटत होता, अगदी भरून आलं होतं. पण सरांच्या तोंडाला मी भ्याले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

पल्लवीनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. भांडली नाही. कळमनुरी आली तरी मी उठले नाही.